साधनांचा सुकाळ, अवधानाचा दुष्काळ

दसरा झाला की नगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. घरदार मोडून कारखान्याच्या तळावर जाण्याखेरीज त्यांना गत्यंतर नसते. आईबापांबरोबर लेकरेही जातात. मग शाळेच्या पटावर नाव आहे आणि वर्गात मूल नाही, अशी अवस्था होते. ही मुले शिक्षणातून कायमची तुटू नयेत म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची सोय केली, गाव सोडणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची योजना आखली. पत्रक दाखविले की जेथे मूल जाईल तेथील शाळेने त्याला बसवून घ्यावे, अशी ही कल्पना आहे. योजना चांगली आहे. मात्र तिच्यासाठी एक साधी गोष्ट हाताशी असावी लागते. कोणते मूल कोणत्या तळावर गेले, त्याला पत्रक मिळाले काय, आणि तेथे ते शाळेत बसले काय, याची नीट नोंद हवी.

समजा, अशा एखाद्या वस्तीशाळेवरील शिक्षकाने ठरविले की, यंदा ही नोंद आपण मोबाईलवरच ठेवू; त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एक लहानसे अ‍ॅप तयार करू. पाच वर्षांपूर्वी हा विचार कोणी मनातही आणला नसता. आज तो वेडेपणाचा नाही. काय हवे ते साध्या मराठीत सांगितले की दोन संध्याकाळांत नाव, गाव, इयत्ता, तळ हे रकाने असलेला चालता नमुना हाती येतो. शिक्षकाला आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. तिसऱ्या दिवशी ते साधन स्वतःहून विचारते की, गावांचा नकाशा जोडू काय? पालकांना आपोआप संदेश जातील अशी व्यवस्था करू काय? केंद्रप्रमुखांसाठी आलेख हवेत काय? नको म्हणावे असे यात काही नसते, म्हणून शिक्षक प्रत्येक वेळी होकार देतो. तेवढ्यात एखादा सहकारी दुसरे, याहून नवे साधन दाखवितो. अर्धे काम तिकडे हलविले जाते. नकाशा जोडताना आधी चालणारी यादी बंद पडते; ती दुरुस्त करताना संदेश थांबतात. दसरा उलटतो, टोळ्या निघून जातात. अ‍ॅपमध्ये चार प्रकारचे आलेख असतात. त्यांत मुलांची नावे मात्र भरलेली नसतात.

हा शिक्षक कल्पित आहे. परंतु ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत ही साधने हाताळली आहेत त्यांना त्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. पतसंस्थेच्या वसुलीची यादी सुटसुटीत करू पाहणारा कारकून, स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी प्रश्नसंच बनविणारा विद्यार्थी, अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प रंगविणारा तरुण, हे सर्व याच वाटेने जात आहेत. त्यांच्या संगणकात अर्धवट प्रकल्पांचे ढीग साचत आहेत आणि त्यांच्या मनावर एक विचित्र थकवा साचत आहे. काम पुष्कळ केल्याची जाणीव आहे, पण हाती दाखविण्यासारखे काही नाही, असा हा थकवा आहे. त्याला वैयक्तिक आळस किंवा छंदिष्टपणा म्हणून सोडून देता येणार नाही.

टंचाईचे स्थलांतर

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी लोकांसमोर आले. त्यानंतर अशा साधनांची संख्या आणि शक्ती इतक्या वेगाने वाढली की त्यांची नावे लक्षात ठेवणे हाच एक उद्योग होऊन बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी या नामांकित संगणकतज्ज्ञाने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे हे न पाहता, केवळ हवे ते सांगत जायचे आणि जे मिळेल ते स्वीकारत जायचे, असा त्या शब्दाचा आशय. शनिवार-रविवारी गंमत म्हणून करावयाच्या आणि नंतर टाकून द्यावयाच्या प्रकल्पांना ही रीत बरी, असे कार्पाथी यांनी त्याच वेळी म्हटले होते. शब्द जगभर पसरला. ही अट मात्र मागे राहिली. सरकारेही मागे नाहीत. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२५ ते २०२९ या काळाचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. केंद्र सरकारने तिसरीपासूनच्या वर्गांत हा विषय २०२६-२७ पासून आणण्याची घोषणा केली. तेव्हा हे वारे खेड्यातील शाळेपर्यंत येणार की नाही, हा वाद आता उरलेला नाही.

उरलेला प्रश्न निराळा आहे. आजवर आपल्याकडे टंचाई होती ती घडविण्याच्या सामर्थ्याची. कल्पना पुष्कळांना सुचत. त्या उतरविणारा प्रोग्रॅमर पुण्या-मुंबईत बसलेला असे आणि त्याचे मोल परवडत नसे. ती टंचाई बरीच दूर झाली आहे. तिच्या जागी दुसरी आली आहे. नेमके काय घडवावयाचे हे ठरविण्याची, आणि ठरविलेल्या कामावर मन टिकविण्याची ही टंचाई आहे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुढे ज्यांना मिळाले त्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच हे ओळखले होते. माहिती ही माणसाचे अवधान खाते. म्हणून जेथे माहितीची श्रीमंती येईल तेथे अवधानाचे दारिद्र्य येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज माहितीबरोबर साधनांचीही श्रीमंती आली आहे, आणि साधन तर माहितीहून अधिक खादाड असते. माहिती एकदा वाचून संपते, पण साधन पुढचे काम सुचवीत राहते.

गोंधळ का होतो?

या गोंधळाची कारणे साधनांच्या घडणीत आहेत, हे समजून घेतले पाहिजे. एक तर आरंभ अतिशय स्वस्त झाला आहे. पूर्वी एखादा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी त्याचा खर्च, श्रम, वेळ यांचा विचार करणे भाग पडे. तो विचार हीच एक चाळणी होती. आता एका वाक्यात आरंभ होतो, म्हणून चाळणीच नाहीशी झाली. शेवट मात्र स्वस्त झालेला नाही. चाचणी घेणे, चुका काढणे, खऱ्या माणसाच्या हाती देणे, त्याची तक्रार ऐकून सुधारणे ही कामे आजही तितकीच कष्टाची आहेत.

दुसरे कारण, ही साधने स्वभावतः होयबा आहेत. माणसांना जी उत्तरे आवडली त्यांवरून त्यांचे शिक्षण झालेले असल्याने रुकार देण्याकडे त्यांचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपन-एआय या कंपनीला आपल्या साधनातील एक सुधारणा, ते फारच खुशामतखोर झाले म्हणून, मागे घ्यावी लागली होती. आपली प्रत्येक कल्पना उत्तम आहे असे सांगणारा सहायक मिळाला, तर कल्पनांना पायबंद घालावयाचा कोणी?

तिसरे कारण अधिक तांत्रिक आहे, पण शिक्षक-विद्यार्थ्यांनी ते जाणून घेण्यासारखे आहे. या साधनांना माणसासारखी स्मृती नसते. चालू संभाषणात जे जे बोलणे झाले ते सारे प्रत्येक उत्तराच्या वेळी ती पुन्हा वाचतात. अशा वाचनाला मर्यादा असते, आणि मर्यादेच्या आतही संभाषण फार लांबले की आरंभी दिलेल्या सूचनांचे वजन कमी होत जाते. एकाच बैठकीत नकाशा, संदेश, आलेख आणि यादी यांची सरमिसळ केली, की माणसाबरोबर साधनाचेही भान सुटते. मग ते एक दुरुस्त करताना दुसरे बिघडविते. अशा वेळी आपण साधनाला दोष देतो, नवे साधन शोधतो आणि तेथेही तीच सरमिसळ घेऊन जातो.

यात भर पडते ती वेगाच्या भासाची. अमेरिकेतील एमईटीआर या संशोधनसंस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे देण्यात आली. काही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, काही तिच्याविना. साहाय्यामुळे वेळ २४ टक्के वाचेल अशी त्यांची आधीची अपेक्षा होती. कामे आटोपल्यावरही आपला २० टक्के वेळ वाचला असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. हा प्रयोग लहान होता, जाणकारांचा होता आणि त्या वेळच्या साधनांचा होता. नवशिक्यास किंवा आजच्या साधनांस तो जसाच्या तसा लागू करणे चूक ठरेल. ज्याला प्रोग्रॅम लिहिताच येत नाही त्याला ही साधने अशक्य ते शक्य करून देतात, हे निर्विवाद आहे. तथापि, आपण किती पुढे गेलो याचा अंदाज आपल्यालाच बांधता येत नाही, हा त्यातील बोध सर्वांना सारखाच लागू आहे.

संगणकाच्या जगाला हा अनुभव नवा नाही. आयबीएमचा प्रचंड प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदविले होते. पहिल्या कामात माणूस जपून असतो. दुसऱ्या कामात तो आधी बाजूला ठेवलेल्या सगळ्या हौशी भागवून घेतो, आणि म्हणून दुसरे कामच सर्वांत धोक्याचे असते. १९८६ च्या एका निबंधात त्यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. प्रोग्रॅम लिहिण्याचे यांत्रिक श्रम कितीही कमी केले, तरी काय हवे आहे हे काटेकोरपणे ठरविण्याचे मूळ कष्ट शिल्लकच राहतात, असे ते म्हणाले. आजच्या साधनांनी ब्रुक्स यांच्या विधानाचा पहिला अर्धा भाग कल्पनेपलीकडे खरा करून दाखविला. दुसरा अर्धा भाग त्यामुळेच अधिक ठसठशीत झाला.

वारणेचा धडा, प्रवरेचा धडा

महाराष्ट्रातील ग्रामीण भागानेही हा धडा एकदा गिरविलेला आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी संकुलात केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्याने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. परिसरातील सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडावयाचे, बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, शिक्षण, रोजगार अशी सर्व माहिती शेतकऱ्याच्या दारात आणावयाची, असा तो भव्य संकल्प होता. त्या काळी देशोदेशीच्या तज्ज्ञांनी त्याची वाखाणणी केली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी जाऊन पाहिले, तेव्हा गावोगावचे संगणक प्रामुख्याने एकाच कामासाठी चालू असल्याचे आढळले. ते काम म्हणजे उसाचे वजन, खताची उचल आणि बिलाची रक्कम शेतकऱ्यास कळविणे. एवढेच काम असेल तर संगणक कशाला, असे म्हणून सात गावांत त्यांनी ते साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले. काम भागले, खर्च उतरला आणि शेतकऱ्यांनाही ते अधिक सोयीचे वाटले.

वारणेचा प्रयोग फसला, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. उसाचे बिल वेळेवर कळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. चूक होती ती क्रमात. गरजांची यादी आधी तयार झाली आणि खरी गरज नंतर सापडली. ती आधी सापडली असती तर पहिल्याच दिवशी एका लहान साधनावर भागले असते.

याच्या उलट क्रम आपल्या जिल्ह्यात पाहावयास मिळतो. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविणे हे तिचे एकच काम होते. १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर, येथे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागाईतदारांची परिषद झाली आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याची कल्पना मूळ धरू लागली. कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या डिसेंबरअखेर सुरू झाला. म्हणजे मधली पाच वर्षे भागभांडवल, परवाने, यंत्रसामग्री आणि सभासदांचा विश्वास एवढ्याच गोष्टींत गेली. शिक्षणसंस्था आली ती १९६४ मध्ये. रुग्णालय, अभियांत्रिकी महाविद्यालय त्याहून नंतर. विखे पाटलांना शिक्षणाचे महत्त्व १९५० मध्ये ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु साखर बाहेर पडण्यापूर्वी शाळेची कोनशिला बसवावी असे त्यांनी केले नाही. सहकाराचे पुढे काय झाले, त्यात राजकारण किती शिरले, हा वेगळा आणि कटू विषय आहे. आरंभीच्या पिढीचे यश मात्र या एकेका कामाच्या शिस्तीतून आले होते.

अवधानाचा ताळेबंद

शिस्तीचा दुसरा नमुना नगर तालुक्यातील हिवरे बाजारचा. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या अवर्षणग्रस्त गावाने जे केले ते सर्वश्रुत आहे. त्यातील पाणी अडविण्याच्या कामांचे कौतुक अधिक होते. परंतु खरा कणा आहे तो पाण्याच्या ताळेबंदाचा. पाऊस किती पडला ते मोजावयाचे, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवावयाचे. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत आणि ऊस-केळीसारखी पिके लावावयाची नाहीत, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पाणी आले म्हणून ऊस, हा मोह शेजारच्या कित्येक गावांना आवरला नाही आणि त्यांचे टँकर सुटले नाहीत.

माणसाचे अवधान हे नगर जिल्ह्यातील पावसासारखे आहे. ते थोडे असते, अनिश्चित असते, आणि त्यावर सर्वांचा हक्क असतो. शिक्षकाचा दिवस वर्गात जातो, उरलेला माहिती भरण्यात जातो. घरी आल्यावर संध्याकाळचा एखादा तास हाती लागतो. कारकुनाची स्थिती वेगळी नाही. तेव्हा आठवड्यात असे तास किती, हे आधी प्रामाणिकपणे मोजावे. बहुतेकांच्या पदरी चार-पाचच पडतील. एवढ्या पाण्यावर एकच पीक निघते, हे मान्य केले की पुष्कळसा गोंधळ तेथेच निवळतो.

मग त्या एका कामाचे टिपण संगणक उघडण्यापूर्वी कागदावर करावे. कोणासाठी, कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय करावयाचे नाही, या चार गोष्टी एका पानात मावाव्यात. आपल्या पाथर्डीच्या शिक्षकासाठी ते पान असे होईल: शाळेतील स्थलांतर करणारी मुले, नाव, तळ, पत्रक दिले की नाही, तेथे दाखल झाले की नाही, दसऱ्याच्या आधी, नकाशा नाही, संदेश नाहीत, आलेख नाहीत. पान लिहिताना कधी असेही ध्यानात येईल की, या कामाला अ‍ॅपची गरजच नाही, वहीतील चार रकाने किंवा संगणकावरील साधा तक्ता पुरे आहे. तसे आढळले तर तो पराभव मानू नये. वारणेच्या एसएमएससारखी ती खरी बचत आहे. नव्या कल्पना तर येणारच. त्या साधनाला न सांगता 'नंतर' असे शीर्षक घातलेल्या वहीत उतरवाव्यात. महिन्याने ती वही वाचली असता बहुतेक कल्पना आपोआप गळून पडलेल्या दिसतात.

काम चालू असताना साधन बदलू नये. नवे साधन थोडे अधिक हुशार असेल, पण काम हलविण्यात जे अवधान खर्ची पडते ते त्या हुशारीतून क्वचितच भरून निघते. एका बैठकीत एकच लहान काम सांगावे. ते झाले की स्वतः तपासावे, त्याची प्रत वेगळी जपून ठेवावी आणि मगच पुढे जावे. पुढच्या कामासाठी नवे संभाषण उघडून तेच एक पान आरंभी पुन्हा द्यावे. एखादी चूक दोन-तीनदा सांगूनही सुटत नसेल, तर ठिगळावर ठिगळ न लावता आधीच्या चांगल्या प्रतीकडे परतावे. प्रत जपण्याचा हा आग्रह उगाच नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील एका उद्योजकाने आपला अनुभव जाहीर केला होता. त्याच्या प्रयोगाच्या नवव्या दिवशी, काहीही बदलू नये अशी स्पष्ट आज्ञा असतानाही, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने चालू माहितीसाठा पुसून टाकला. जाणत्याची ही गत, तर नवशिक्याने किती जपावे?

आणि हे सर्व झाल्यावर आठवड्याच्या आत ते एका खऱ्या माणसाच्या हाती द्यावे. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी ते वापरून पाहिले आणि दोन अडचणी सांगितल्या, तर त्या दोन अडचणी साधनाने सुचविलेल्या वीस सुधारणांपेक्षा मोलाच्या असतात.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उपेक्षणीय नाही. नवी विद्या खेळत-खेळतच आत्मसात होते. अर्धवट प्रयोग हे शिकण्याचे शुल्क आहे. तरुणांना आरंभीच कुंपण घातले तर त्यांच्या हातून नवे काही होणार नाही, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. म्हणून खेळाला मज्जाव असू नये. एखादा रविवार खेळासाठी मोकळा ठेवावा, दहा साधने उघडावीत, दहा मोडावीत. मात्र खेळ आणि काम यांच्यातील रेघ पुसू देऊ नये. खेळात काही अपुरे राहिले तर कोणाचे नुकसान होत नाही. मुलांच्या नोंदीचे काम अपुरे राहिले तर एक मूल फडात राहते.

नोंदीच्या कामाला कायद्याचीही बाजू आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या माहितीबाबत त्यात पालकांच्या संमतीची विशेष अट आहे. हौसेने जोडलेला प्रत्येक नवा भाग म्हणजे मुलांची नावे आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक बाहेर पडण्याचे एक नवे दार असते. सोडून दिलेल्या अर्धवट अ‍ॅपमध्ये ती माहिती तशीच पडून राहते आणि तिचा वाली कोणी नसतो. तेव्हा काम लहान ठेवणे ही सोय तर आहेच; ती जबाबदारीही आहे. प्रयोग चालू असेपर्यंत साधनाला खरी नावे देऊच नयेत, खोट्या नावांवर चाचणी घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अवधान टिकविण्याचा उपदेश शिक्षकाला आणि कारकुनालाच का करता, त्यांचे अवधान खातो कोण, असे विचारले जाईल. हा प्रश्न रास्त आहे. गेल्या दहा वर्षांत शिक्षकांच्या माथी एकामागून एक संकेतस्थळे आणि अ‍ॅप आली. तीच माहिती निरनिराळ्या ठिकाणी भरावयाची, ही त्यांची जुनी तक्रार आहे. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या उपक्रमांची भर पडेल, किती शाळांनी किती 'नवोपक्रम' केले याचे तक्ते मागविले जातील, अशी भीती निराधार नाही. आकडे मागितले की आकडे मिळतात; मात्र त्यांतून अर्धवट प्रकल्पांचेच पीक येते. शासनाला या साधनांचा खरा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर त्याने शाळेला एकच प्रश्न विचारावा: गतवर्षी केलेली कोणती गोष्ट यंदाही वापरात आहे? शिवाय शिक्षकाने एखादे उपयुक्त साधन घडविले, तर त्याबद्दल त्याचा माहिती भरण्याचा कोणता तरी एक भार खरोखर कमी झाला पाहिजे.

महाविद्यालयांनीही आपली कसोटी बदलावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे शीर्षक जितके भपकेबाज तितके गुण अधिक, ही रूढी साधनांच्या सुकाळात हास्यास्पद झाली आहे. भव्य दिसणारा प्रकल्प आता एका रात्रीत उभा राहतो आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. लहान असला तरी पूर्ण झालेला, निदान दहा माणसांनी वापरलेला, आणि ज्याच्या प्रत्येक भागाचे कारण विद्यार्थ्याला सांगता येते असा प्रकल्प श्रेष्ठ मानला जावा. नोकरीच्या बाजारातही उद्या हीच पारख होणार आहे. आरंभ करणारे पुष्कळ असतील, पण काम तडीस नेणारे तेव्हाही विरळाच असतील.

ही साधने उद्या आणखी समर्थ होतील. कदाचित आज सांगितलेल्या काही अडचणी त्यांची तीच दूर करतील. तरीही कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते मुळीच नाही, हे ठरविणे माणसाकडेच राहील. कारण त्या कामाची निकड माणसालाच ठाऊक असते. पाथर्डीच्या माळावरून टोळी कधी निघणार, हे कोणत्याही यंत्रापेक्षा तेथील गुरुजींना अधिक नेमके कळते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली जाईल, संसार चढविला जाईल, त्या सकाळी त्यांच्याजवळ मुलांची पुरी यादी असावी आणि प्रत्येक मुलाच्या हाती त्याचे पत्रक असावे. यादी वहीत आहे की मोबाईलमध्ये, हे त्या दिवशी कोणी विचारणार नाही.